‘मेमरी एरर’ दिसली की रॅमच का बदलायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रॅमचे भाव भडकल्याची बातमी आपल्या दैनिकात ठळकपणे आली, हे बरं झालं. बातमीतली माहिती खरीच होती. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपच्या उत्पादनाचा मोठा वाटा एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. या चिप मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या जगात मुख्यतः तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यातल्या मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशल’ या ब्रँडखालची किरकोळ ग्राहकांसाठीची विक्री थांबवत असल्याचं जाहीर करून टाकलं. डीडीआर-५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या ज्या जोडीची गिऱ्हाईक आधी घासाघीस करायचं, तिचे भाव बघता बघता दुपटीच्या वर गेले. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती बातमीच्या शेवटच्या ओळीबद्दल. ‘भाव आणखी वाढण्याआधी खरेदी करून ठेवा’ असा सल्ला तिथे होता, आणि तो लोकांनी फारच मनावर घेतला.

माझं कराडला एसटी स्टँडच्या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. इथे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आजूबाजूला हॉस्टेलं आहेत, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक विशी-बाविशीतलं. त्यांची एक ठरलेली तक्रार असते. गेम चालू केला, लोडिंगची पट्टी अर्ध्यापर्यंत किंवा थोडी पुढे गेली, स्क्रीन काळी झाली आणि ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून एक चौकोन आला. चौकोनात मेमरी हा शब्द दिसला की मुलं आणि त्यांचे पालक निदान घरूनच करून येतात. “काका, रॅम टाका.” पूर्वी यात फारसं नुकसान नव्हतं, रॅमची पट्टी स्वस्त होती. आता त्याच वाक्यापायी घरातले पाच आकडी रुपये जाऊ शकतात, आणि कित्येकदा गेम पुन्हा त्याच ठिकाणी आपटतो. म्हणून हे पत्र.

परवा उंब्रजकडचे एक शेतकरी मुलाला आणि त्याच्या कॉम्प्युटरला घेऊन आले. पेटी पोत्यात गुंडाळून, गाडीवर दोघांच्या मधे. उसाच्या बिलाचे पैसे खिशात होते. “साहेब, काय लागंल ते टाका, पण पोराचा प्रोजेक्ट अडायला नको,” म्हणाले. प्रोजेक्ट म्हणजे काय ते पोराच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. मीही काही बोललो नाही. मशीनमध्ये १६ जीबी रॅम होती आणि दुसऱ्या एका दुकानात त्यांना आणखी १६ जीबीचा भाव सांगून झाला होता.

मी टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेलं की एक आलेख दिसतो, सगळे तोच बघतात. मी बघतो ते त्याच्या खाली लहान अक्षरात ‘कमिटेड’ असं लिहिलेलं असतं ते. तिथे दोन आकडे असतात, मधे तिरकी रेघ. या मशीनवर दुसरा आकडा होता १५.८ जीबी. मी मुलाला गेम चालू करायला सांगितला आणि टास्क मॅनेजरची खिडकी बाजूला उघडी ठेवली. लोडिंग सुरू झालं तसा पहिला आकडा चढायला लागला, बारा, साडेतेरा, पंधरा, पंधराच्या पुढे, आणि १५.८च्या तोंडाशी आला तसा गेम बंद. त्या क्षणी प्रत्यक्ष वापरातली रॅम होती ११ जीबीच्या आसपास. म्हणजे पाचेक जीबी रिकामी असताना ‘मेमरी संपली’ अशी एरर.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गेम सुरू होताना विंडोजकडे मेमरीचे मोठमोठे तुकडे मागतो. ते सगळे लगेच वापरतोच असं नाही, पण मागून ठेवतो. लग्नाच्या पंगतीत रुमाल टाकून जागा धरतात, तसं. माणूस बसलेलं नसतं, पण जागा गेलेली असते. आणि विंडोज याबाबतीत फार कडक आहे, जितकं देऊ शकतो तितकंच कबूल करतो, वर एक तुकडाही नाही. ही कबुलीची मर्यादा म्हणजे रॅम अधिक ‘पेज फाइल’, म्हणजे रॅमला पुरवणी म्हणून विंडोज डिस्कवर राखून ठेवतं ती जागा. या मुलाने ‘एफपीएस वाढवा’ (म्हणजे गेम जास्त सफाईने चालवा) छापाचा व्हिडिओ बघून पेज फाइल बंद करून टाकली होती, त्यामुळे मर्यादा उरली निव्वळ रॅमएवढी. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ‘सिस्टिम’च्या नोंदींत ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’च्या नावाने २००४ क्रमांकाची नोंद पडलेली होती. सर्वांत जास्त मेमरी कोणत्या प्रोग्रॅमने धरून ठेवली त्याची नावंच त्यात लिहिलेली असतात. गेम, ब्राउझर आणि मागे चालू असलेलं एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. विंडोज स्वतः चिठ्ठी लिहून ठेवतं, पण ती उघडून वाचायची तसदी कोणी घेत नाही.

पेज फाइल पुन्हा विंडोजच्या हवाली केली. सी ड्राइव्हवर जागाही फारशी नव्हती, ती मोकळी केली, कारण पेज फाइल चालू असली तरी तिला वाढायला डिस्कवर जागा लागते. मशीन रीस्टार्ट केलं. गेम लोड झाला.

मी वडिलांना म्हटलं, रॅम नको. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, “मग आता पैसे किती?” मी तपासणीचे तीनशे सांगितले. त्यावर ते जरा थांबून म्हणाले, “काय टाकलं न्हाई, तर पैसे कशाचे?”

संपादक महोदय, सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे. आमच्या धंद्यात मालाला पैसे मिळतात, निदानाला मिळत नाहीत. हजारोंची पट्टी बिलावर लिहिली तर गिऱ्हाईक मुकाट्याने देतं. दोन तास बसून पट्टीची गरज नाही हे शोधून काढलं, तर तीनशे रुपये देताना त्याचा हात आखडतो. मग दुकानदार काय करणार? तो पट्टीच विकणार. मी त्याचं समर्थन करत नाही, पण हे असं का होतं हे धंद्यातल्या माणसाने सांगायला हवं. त्या गृहस्थांनी पैसे दिले, तक्रार न करता दिले, हेही सांगतो.

आता रॅम खरोखर कधी दोषी असते ते लिहितो, नाहीतर माझे व्यवसायबंधू म्हणतील की हा रॅमच्या विरुद्धच उठला आहे.

माझी पहिली कसोटी साधी आहे. गेम दर वेळी एकाच जागी मरतो की रोज वेगळ्या जागी? एकाच जागी मरत असेल तर बहुधा फाइल खराब, एखादा मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेली भर) बिघडलेला, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डासारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) जुना, नाहीतर वर सांगितलेली जागेची टंचाई. रोज वेगळ्या जागी मरत असेल, ब्राउझरची पानंही अधूनमधून कोसळत असतील, मधेच निळी स्क्रीन येऊन त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ लिहून येत असेल, तर मग पट्टीवर संशय घ्यायचा. आणखी एक खूण स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेणाऱ्यांना उपयोगी पडेल. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइली पडताळून पाहायची सोय असते. एकदा पडताळल्यावर खराब फाइली पुन्हा डाउनलोड होतात आणि विषय संपायला हवा. पण दर पडताळणीला वेगवेगळ्या फाइली खराब निघत असतील, तर फाइलींचा दोष नाही. त्या वाचताना वाटेतच बिघडताहेत, म्हणजे रॅम किंवा डिस्क.

फुकटचे, ‘रिपॅक’ केलेले गेम उतरवणाऱ्या पोरांना इन्स्टॉल होतानाच ‘आयएसडन डॉट डीएलएल’ची एरर येते, तिचं मूळही कधी कधी इथेच असतं. दाबून बसवलेल्या फाइली उलगडताना एक बिट जरी चुकला तरी सगळं फसतं. त्यावर उपाय म्हणून कुठल्यातरी साइटवरून सुटी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकणारे महाभाग आहेत. त्यांच्या मशीनमधून मग मी व्हायरस काढत बसतो. चोरीचा गेम घ्यावा की नाही यावर प्रवचन द्यायला मी बसलेलो नाही, पण अशा गेमची एरर घेऊन माझ्याकडे आलात तर मी आधी अँटिव्हायरस लावतो, एवढं लक्षात ठेवा.

संशय आला तरी लगेच नवी पट्टी नाही. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सोय, बंद करून बघायचं. डीडीआर-४ या आधीच्या प्रकारच्या रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलेलं असतं तो वेग पट्टीचा उपजत वेग नसतो, तो वाढीव व्होल्टेज देऊन चढवलेला असतो. डीडीआर-४चं ठरलेलं व्होल्टेज १.२, एक्सएमपीमध्ये ते बहुधा १.३५ होतं. एएमडीच्या डीडीआर-५ बोर्डांवर हेच प्रकरण एक्सपो नावाने येतं. काही प्रोसेसरना तो वेग झेपतो, काहींना नाही, आणि दोनाच्या जागी चार पट्ट्या लावल्या की हमखास अडचणी सुरू होतात. आत्ता भाववाढीच्या धास्तीने लोक जुनी एक पट्टी ठेवून शेजारी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वेगाची, कुठून तरी सेकंडहँड मिळालेली पट्टी बसवताहेत. दोन्ही पट्ट्या एकेकट्या उत्तम चालतात आणि एकत्र लावल्या की गेम लोड होताना आपटतो. एक्सएमपी बंद केल्यावर गेम चालला, तर कारण सापडलं. वेग थोडा कमी राहील, पण नव्या पट्टीचा खर्च वाचेल.

त्यानंतर पट्टी काढून पुन्हा बसवणं. वीज पूर्ण बंद, वायर भिंतीतून काढलेली, हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावलेला. पट्टीच्या खालच्या सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने एकाच दिशेने पुसायच्या. रबराचा काळपट चुरा पडतो तो कोरड्या ब्रशने झाडून टाकायचा, स्लॉटमध्ये जाऊ द्यायचा नाही. पट्टी बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा, खटकीचा आवाज आला पाहिजे. चार स्लॉटच्या बोर्डात दोनच पट्ट्या असतील तर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. बरेच जण पहिल्या दोन जागी शेजारी शेजारी लावतात, दिसायला नीट दिसतं म्हणून.

एवढ्यानेही भागलं नाही तर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम. पेनड्राइव्हवर मोफत टाकता येतं, विंडोज सुरू न करता थेट त्यावरून मशीन चालू करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी स्क्रीनवर चुकांचा आकडा शून्यच पाहिजे. ‘फक्त तीनच आल्या’ असं कौतुकाने सांगणारे भेटतात, पण रॅममध्ये एक चूक म्हणजेही पट्टी नापास. नापास झाली की एकेक पट्टी वेगळी लावून, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघायचं, कारण कधी कधी पट्टी चांगली असते आणि बोर्डाचा स्लॉट मेलेला असतो. पट्टीच खराब निघाली तरी पाकीट काढण्याआधी जुनं बिल शोधा. बऱ्याच ब्रँडेड पट्ट्यांना अनेक वर्षांची वॉरंटी असते आणि लोक ती विसरून जातात. आजच्या भावात ते बिल जपून ठेवण्यासारखी चीज आहे.

आता रॅमशी संबंधच नसलेल्या ‘मेमरी’ एररबद्दल. ‘द मेमरी कुड नॉट बी रीड’ असं लिहून आलं की लोकांना वाटतं पट्टी वाचता येईना. तसं नसतं. प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरच्या पत्त्यावर हात घातला आणि विंडोजने त्याला हाकलला, एवढाच त्याचा अर्थ. मागे मॉड, ओव्हरले (गेमवर दिसणारी दुसऱ्या प्रोग्रॅमची चौकट), ड्रायव्हर असं काहीही असू शकतं, आणि अगदी शेवटी रॅम.

जुन्या गेमचं आणखी वेगळं. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला विंडोज मुळात २ जीबीच पत्ते वापरू देतं, तुमच्याकडे ६४ जीबी का असेना. ‘स्कायरिम’ नोव्हेंबर २०११मध्ये आला तेव्हा याच कुंपणात अडकलेला होता. डिसेंबरमधल्या पॅचने ते कुंपण ४ जीबीपर्यंत सरकवलं, आणि २०१६च्या स्पेशल एडिशनला ६४ बिट केल्यावर प्रश्न मिटला. अशा काळातल्या गेमवर ढिगाने मॉड चढवून तो आपटला, तर रॅम वाढवून शष्प फरक पडत नाही.

‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’मध्ये तर मेमरी असते ग्राफिक्स कार्डावरची. ४ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं) ‘अल्ट्रा’ला ठेवलं की ती भरणारच. ते ‘मीडियम’वर आणा, फुकटात काम होईल. वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर मात्र ग्राफिक्स आपली मेमरी मुख्य रॅममधूनच उसनी घेतं. तिथे ८ची १६ केली तर खरोखर फायदा होतो, तेव्हा सरसकट नाही म्हणू नये.

याच एररची सर्वांत विचित्र तऱ्हा इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जगभर दिसली. २४ जीबीचं कार्ड लावलेल्यांनाही अनरिअल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनवलेले गेम लोड होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा निरोप येत होता. लोकांनी कार्डं बदलली, रॅम बदलल्या. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. लोडिंगच्या वेळी फाइली उलगडणं आणि शेडर (प्रकाश-रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करणं या कामात प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम जुंपले जातात, आणि जादा व्होल्टेजने कमकुवत झालेली चिप तिथे गणित चुकते. २०२४मध्ये इंटेलने हे मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतो. चिप आधीच बिघडली असेल तर अपडेटने ती दुरुस्त होत नाही, बदलूनच घ्यावी लागते. आपल्याकडे असं मशीन असेल तर आधी बायोसची तारीख बघा आणि वॉरंटी तपासा. प्रोसेसर वॉरंटीत बदलून मिळत असताना वर रॅमचा खर्च कशाला?

गेम बनवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे, माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत असूनही. कोट्यवधी खर्चून पावसाचे थेंब खरे वाटावेत म्हणून झटणाऱ्यांना, ‘तुमची पेज फाइल बंद आहे’ एवढं एक वाक्य स्क्रीनवर दाखवणं जड जाऊ नये. रॅम, पेज फाइल आणि कार्डाची मेमरी या तिन्हींचे आकडे गेमला आतून वाचता येतात.

आपल्या दैनिकाकडून अपेक्षा अशी की पुढच्या वेळी भाववाढीच्या बातमीशेजारी अर्धा कॉलम तपासणीवरही द्यावा. आणि पट्टी घ्यायचीच ठरली तर ग्राहकाने काय बघावं तेही छापावं. खोकं सीलबंद असावं, त्यावर एमआरपी आणि आयातदाराचं नाव असावं, पक्क्या बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. सुटी, प्लॅस्टिकच्या पिशवीतली ‘नवी’ पट्टी सध्या पुष्कळ फिरते आहे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

माझ्या गावातल्या व्यवसायबंधूंना मी तोंडी सांगून बघितलं, आता लेखी सांगतो. दुकानात तपासणी फीचा बोर्ड लावा. रॅम बदलायला सांगाल तर मेमटेस्टची स्क्रीन गिऱ्हाइकाला दाखवा. दोन दुकानांनी तयारी दाखवली आहे, बाकीच्यांचं ‘बघू’ चाललं आहे.

वाचकांपैकी कोणी अशी तक्रार घेऊन कुठल्याही दुकानात जाणार असतील, तर निघण्यापूर्वी त्या एररच्या चौकोनाचा मोबाइलवर फोटो काढा, त्यातला आकडा नीट वाचता येईल असा. जमलं तर गेम आपटायच्या आधीच्या क्षणी टास्क मॅनेजरमधल्या ‘कमिटेड’चाही एक काढा. आणि मशीनची पॉवर केबल सोबत आणा, माझ्याकडच्या सगळ्या कोणी ना कोणी घेऊन गेलेलं आहे.

कळावे,
आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)